मत्स्यालयाची आई : जानबाई पॉवर

माझ्या मित्रमैत्रिणींनो आणि शाळा बघायला आलेल्या पालकांनो, आज मी तुम्हाला एका थोर बाईंची गोष्ट सांगणार आहे. त्यांचे नाव जान विल्प्रे-पॉवर. हे नाव म्हणायला कठीण आहे, म्हणून मी त्यांना जानबाई म्हणते. घरात समुद्राचे प्राणी जिवंत कसे ठेवायचे आणि वाढवायचे, हे त्यांनी जगाला शिकवले.

पण आधी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीत मी कोर्लईच्या किल्ल्याखाली ओहोटीला खडपावर गेले होते. तिथं दगडांच्या खळग्यात पाणी साचून राहतं. एका खळग्यात बोटाच्या पेराएवढे तीन मासे होते. मला ते पाळायचे होते. मोठे झाले की त्यांना पिल्लं होतील आणि आमच्या घरी खूप मासे होतील, असं मला वाटलं. मी ते लोणच्याच्या बरणीत घालून घरी आणले. उड्या मारतील म्हणून झाकण घट्ट लावलं, भाताची शितं टाकली आणि बरणी खिडकीत उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तिन्ही मासे उलटे झालेले! पाण्याला वास मारत होता. आजी रागावली नाही. पण ती म्हणाली की खायला आणलेला मासा वेगळा, हे तीन जीव फुकट गेले. मला खूप रडू आलं. शाळेत बाईंना सांगितलं, तेव्हा बाईंनी मला जानबाईंची माहिती दिली.

जानबाईंचा जन्म १७९४ साली फ्रान्स देशातल्या ज्युयाक नावाच्या खेड्यात झाला. त्यांचे वडील चांभारकाम करत. जानबाई लहान असतानाच त्यांची आई वारली. त्यांचे शिक्षण फारसे झाले नाही. अठरा वर्षांच्या झाल्यावर त्या काम शोधायला पॅरिस शहरात गेल्या, तेही चालत. ते अंतर ४०० किलोमीटरपेक्षा जास्त आहे. म्हणजे आपल्या पेणहून निघून जवळजवळ सावंतवाडीपर्यंत चालत जायचं. पॅरिसमध्ये त्या कपडे शिवायच्या दुकानात कामाला लागल्या. त्यांची शिलाई आणि नक्षीकाम इतके छान होते, की १८१६ साली एका राजकन्येच्या लग्नाचा पोशाख त्यांनी तयार केला.

पुढे १८१८ साली जेम्स पॉवर नावाच्या व्यापाऱ्याशी त्यांचे लग्न झाले आणि त्या सिसिली बेटावर मेसिना या बंदरात राहायला गेल्या. सिसिली हे इटलीजवळचे मोठे बेट आहे. तिथं समुद्र अगदी दाराशी होता, जसा आपल्याकडे आहे. त्यांनी कुठल्याही कॉलेजात न जाता स्वतः अभ्यास सुरू केला. त्या बेटभर फिरल्या. झाडे, फुलपाखरे, शंख, शिंपले सगळे त्यांनी गोळा केले आणि लिहून ठेवले.

त्या समुद्रात एक अजब प्राणी असतो. त्याचे नाव अर्गोनॉट. तो ऑक्टोपसचा भाऊबंद आहे. त्याच्या मादीला कागदासारखा पातळ पांढरा शंख असतो. त्या शंखाबद्दल विद्वानांचे मोठे भांडण होते. बरेच जण म्हणायचे की हा शंख तिचा नाहीच, तिने तो दुसऱ्या कोणाचा तरी चोरला आहे. आपल्या खडपावर शंखात राहणारा खेकडा असतो ना, तसे. तो खेकडा शंख स्वतः करत नाही. मेलेल्या समुद्रगोगलगाईचा रिकामा शंख घेतो आणि पाठीवर घेऊन फिरतो. अर्गोनॉटही तसाच असेल, असे लोकांना वाटायचे. आणखी एक जुनी समजूत होती, की हा प्राणी आपले दोन रुंद हात शिडासारखे वर करून पाण्यावर होडी हाकतो.

जानबाईंनी नुसते भांडण ऐकले नाही. त्यांनी ठरवले की आपण डोळ्यांनी बघायचे. पण मेलेला प्राणी बाटलीत ठेवला तर तो काय करतो ते कसे दिसणार? तो जिवंत पाहिजे. म्हणून १८३२ साली त्यांनी काचेच्या पेट्या तयार करवून घेतल्या. त्यांनी तीन प्रकार केले. पहिली काचपेटी घरात ठेवायची. दुसरी काचपेटी पिंजऱ्यात बसवलेली होती, ती उथळ समुद्रात बुडवून ठेवायची. तिसरा म्हणजे मोठा पिंजरा, तो होडीसारखा नांगर टाकून समुद्रातच ठेवायचा. त्यातून समुद्राचे पाणी आरपार जायचे, पण प्राणी पळून जात नसे.

मग त्या रोज बघत बसल्या. त्या अर्गोनॉटला खायला घालत. त्यांनी शंखाचा थोडा तुकडा तोडून पाहिला, तर मादीने आपल्या त्याच दोन रुंद हातांनी मोडलेला भाग पुन्हा भरून काढला. म्हणजे ते हात शिडाचे नव्हतेच, ते शंख बांधायचे हात होते! अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना शंख नसतो, मादी तो मागाहून स्वतः तयार करते, हेही कळले. आणि त्या शंखात ती आपली अंडी सांभाळते. तो शंख म्हणजे तिचा पाळणाच आहे. चोरीचा आळ खोटा ठरला.

जानबाईंची कीर्ती पसरली. कॅटानिया शहरातल्या विद्वानांच्या संस्थेने त्यांना सभासद केले. त्या तिथल्या पहिल्या स्त्री सभासद होत्या. रिचर्ड ओवेन या मोठ्या शास्त्रज्ञाने त्यांचे काम लंडनमध्ये सर्वांपुढे मांडले. ज्या नद्यांतले मासे संपत आले असतील, तिथे पिंजऱ्यात पिल्ले वाढवून सोडावीत, हा विचारही जानबाईंनी तेव्हाच मांडला होता.

पण १८३८ साली वाईट घटना घडली. त्यांचे गोळा केलेले नमुने, चित्रे आणि कागद घेऊन एक जहाज निघाले होते. ते जहाज समुद्रात बुडाले. ज्या समुद्राचा त्यांनी इतकी वर्षे अभ्यास केला, त्यानेच सगळे नेले. तरी त्या हरल्या नाहीत. त्यांनी पुढे आपल्या कामाबद्दल लिहिले आणि १८४२ साली सिसिली बेटाची माहिती देणारे पुस्तकही काढले. १८७१ साली, ज्या खेड्यात जन्म झाला त्याच ज्युयाकमध्ये त्यांचे निधन झाले. १९९७ साली शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले. शुक्राची चांदणी दिसली की मला आता जानबाई आठवतात.

जानबाईंच्या पेट्यांनंतर २१ वर्षांनी, म्हणजे १८५३ साली, लंडनमध्ये लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. बाबांनी ते लहानपणी बघितलं होतं. आपल्या देशात आता केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या जोकर माशांची पिल्ले टाकीत वाढवली आहेत. ती समुद्रातून पकडून आणावी लागत नाहीत.

माझे मासे का मेले ते मला आता कळलं आहे. झाकण लावल्यामुळे बाहेरची हवा पाण्यात मिसळली नाही. उन्हानं पाणी तापलं, आणि तापलेल्या पाण्यात हवा कमी राहते. शितं कुजली. माशांची घाण त्याच पाण्यात साठली आणि त्याचं विष झालं. समुद्रात पाणी सारखं हलतं, भरतीला नवीन पाणी येतं. बरणीला भरती-ओहोटी नसते. जानबाईंनी आपला पिंजरा समुद्रात नेला होता. मी मात्र माशांचं घर न बघताच त्यांना माझ्या घरी आणलं.

आता मी बरणी नेत नाही. ओहोटीला आजीबरोबर जाते आणि एकच खळगा बघते. माझी सावली पाण्यावर पडली की मासे दगडाखाली लपतात, मग थोडा वेळ गप्प बसलं की बाहेर येतात. परवा शंखातला खेकडा जुना शंख टाकून दुसऱ्यात शिरला, तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला. घरी येऊन ते वहीत तारखेसह लिहिलं. वहीची आता नऊ पानं भरली आहेत.

मित्रांनो, ज्याला पाळायचं त्याचं घर आधी नीट बघावं, हे आपण जानबाईंकडून शिकूया. येत्या रविवारी ओहोटीला माझ्याबरोबर कोण कोण येणार? बरणी नको, वही आणि पेन्सिल घेऊन या.

– इयत्ता चौथी