स्तोत्र १४५ : रोजची स्तुती आणि ना. वा. टिळक

आजचं वाचन : स्तोत्रसंहिता १४५:१-७



आजच्या दुसऱ्या वचनात दावीद देवाला दोन गोष्टी एका दमात सांगतो. तुझी स्तुती रोज करीन, आणि युगानुयुग करीन. माझ्यासारख्या इंजिनिअरच्या डोक्याला हे आधी जरा खटकतं. एक माप चोवीस तासांचं, आणि दुसऱ्याला मापच नाही. पण दावीद दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो, जणू युगानुयुग चालणारी स्तुती आजच्याच दिवसापासून मोजायला घ्यायची असते. योहान १७:३ मध्येही प्रभू सार्वकालिक जीवनाची ओळख करून देतो ती मेल्यानंतरचा काळ म्हणून नाही. देवाला ओळखणं म्हणजेच ते जीवन, असं तो म्हणतो. म्हणजे ते इथेच सुरू होतं, ऑफिसची बस पकडण्याच्या आधी.

हे वाचताना मला सारखे आठवत राहिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचं नाव आपण दर रविवारी ‘उपासना संगीत’मध्ये गीताच्या खाली पाहतो आणि पान उलटतो. शाळेत शिकलेल्यांना ते फुलामुलांचे कवी म्हणून माहीत असतात. बस, तेवढंच. म्हणून आज मननाऐवजी त्यांचं आयुष्यच थोडं सांगतो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मणाचं घर. आई लहानपणीच गेली, वडील फार तापट, आणि मुलगा घर सोडून नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. पुढे नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूशी लग्न झालं. तीच सासरी आल्यावर लक्ष्मी झाली, आपल्या सगळ्यांची लक्ष्मीबाई टिळक. पण नवरा काही एका जागी टिकेना. आज इथे शिक्षक, उद्या तिथे कीर्तनकार, मध्येच महिनोन्‌महिने गायब. नागपूरला श्रीमंत बुटींच्या आश्रयाने त्यांनी ‘ऋषी’ नावाचं मासिक चालवलं. सतत काहीतरी शोधत होते, हे खरं. घरी बसलेल्या बायकोला त्या शोधाचं काय वाटत असेल, हे त्या वेळी कोणी विचारलं नाही.

१८९३ मध्ये ते नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. कवितेवर गप्पा रंगल्या, मग बोलणं धर्मावर आलं. उतरताना त्याने नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून टाकलं. टिळकांना तो आगाऊपणा वाटला असणार. पण पुस्तक उघडलं, मत्तयाचा पाचवा अध्याय लागला, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते जे थांबले ते थांबलेच. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोही त्यांनी मुद्दाम गोऱ्या मिशनऱ्याऐवजी एका भारतीय पाळकाच्या हातून घेतला. दोन वर्षं भरत आली होती.

इथपर्यंतची गोष्ट साक्ष म्हणून खूपदा सांगितली जाते. पुढची चार-पाच वर्षं मात्र साक्षीत सहसा येत नाहीत. टिळकांनी हे पाऊल लक्ष्मीबाईंना न विचारता टाकलं. त्यांच्यावर आभाळ कोसळलं. एकुलता लहान दत्तू कडेवर, नवरा जिवंत असून घर तुटलेलं. त्या माहेरच्या-सासरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या, काही काळ पंढरपूरला. टिळकांची जात गेली, नातेवाईक गेले, बायको-मुलगा दुरावले. ते पत्रं लिहीत राहिले, कविता लिहीत राहिले, अधूनमधून भेटत राहिले. या वर्षांत त्यांना स्तुती करायला सोपं गेलं असेल असं मला अजिबात वाटत नाही. आणि लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिलं तर हे अन्यायाचंच होतं, असं मला वाटतं. भक्त माणसाच्या भक्तीची किंमत घरातलं दुसरं कोणी भरत असतं, हे आपण मंडळीत मोकळेपणाने बोलत नाही. लक्ष्मीबाईंनी मात्र पुढे ‘स्मृतिचित्रे’त सगळं लिहिलं. हसत हसत लिहिलं, पण काही लपवलं नाही. नाही वाचलं तर जरूर वाचा, मराठीतलं एक अप्रतिम पुस्तक आहे ते.

शेवटी त्या नवऱ्याकडे परत आल्या. आल्यावरही लगेच बाप्तिस्मा घेतला नाही. सोवळं-ओवळं त्यांच्या मनातून हळूहळू सुटत गेलं आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी घाई केली नाही, हे मला फार आवडतं.

घर पुन्हा उभं राहिलं ते नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. दुष्काळ आणि प्लेगची ती वर्षं. टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते, १९०४ मध्ये त्यांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. घरात अनाथ-गरीब मुलं राहायला असत. पैसा टिळकांच्या हातात टिकत नसे, वाटेत कोणी गरजू भेटला की संपला. आणि या सगळ्या गोंधळात भजनं लिहिणं चालू. शेकडो लिहिली.

आता इथे जरा थांबू, कारण टिळकांनी नेमकं काय केलं ते आपल्या पिढीला चटकन कळत नाही. त्या वेळी आपल्या देवळांत बरीचशी गीतं भाषांतरित असत, परदेशी चालींवर बसवलेली. शब्द मराठी, पण ओळ श्वास कुठे घेते ते मराठी नाही. नगरच्याच कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी आधी ख्रिस्ती कीर्तनं रचून वाट काढली होती. टिळकांनी त्या वाटेचा रस्ता केला. अभंग घेतला, ओवी घेतली, टाळ-मृदंगावर म्हणता येईल अशी भजनं केली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं ते मानत. म्हणून ख्रिस्ताला त्यांनी गुरू म्हटलं, माउली म्हटलं. वारकऱ्याच्या तोंडी जे शब्द रोज असतात तेच त्यांनी येशूच्या पायांवर वाहिले.

यात ‘रोज’ हा मुद्दा आहे, प्रियांनो. अभंग हा रविवारपुरता प्रकार नाही. तो दळताना, चालताना, रात्री दिवा मालवण्याआधी म्हणायचा असतो. पाठ होतो, पुस्तक लागत नाही. वाद्य नसलं तर टाळी पुरते. टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला स्तुतीची अशी वस्तू दिली की जी त्याच्या दिवसात कुठेही बसते. आपल्याकडे आज प्लेलिस्ट आहेत, हेडफोन आहेत, एकाहून एक सुंदर वर्शिप साँग्ज आहेत. मीही ऐकतो. पण ऐकणं आणि स्वतः म्हणणं यात फरक आहे. दावीदही या स्तोत्रात ऐकीन म्हणत नाही. माझ्या आजीच्या वयाच्या बायका मंडळीत टिळकांची चार-चार कडवी न पाहता म्हणतात, तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो.

१९०९ मध्ये त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतलं. प्रभूचं सगळं चरित्र ओव्यांमध्ये सांगायचं होतं. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचं संपादन आलं. सभा, व्याख्यानं, कविमंडळी, सगळं होतंच, ते इथे सोडून देतो.

मग १९१७. वय पंचावन्न, तब्येत ढासळलेली, आणि या माणसाने मिशनची नोकरी सोडली. पगार सोडला. साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सगळ्यांसाठी तो खुला होता, अगदी बाप्तिस्मा न घेतलेल्यांसाठीसुद्धा. अनेक मिशनऱ्यांना आणि पाळकांना हे पटलं नाही, आणि त्यांची शंका अगदीच बिनबुडाची होती असं मी म्हणणार नाही. मंडळी म्हणजे काय, हा प्रश्न सोपा नाही. पण निवृत्तीचं वय जवळ आलेला माणूस पगार सोडून संन्याशासारखा बाहेर पडतो, तेव्हा त्याने आपली मोजणी कुठल्या हिशोबाने केली ते दिसतं. आपल्या हिशोबात पंचावन्न म्हणजे पीएफ आणि होम लोनचा शेवट. त्यांच्या हिशोबात ती सुरुवात होती. (लक्ष्मीबाईंना या वेळीही चिंता होतीच. असणारच.)

दोनच वर्षं मिळाली. ९ मे १९१९ ला मुंबईच्या जे. जे. इस्पितळात टिळक प्रभूजवळ गेले. आपल्या देहाला अग्नी द्यावा असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्या काळच्या ख्रिस्ती मंडळीला हे चमत्कारिक वाटणारंच होतं. तसंच झालं, आणि अस्थी नगरला नेल्या.

‘ख्रिस्तायन’चे त्यांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. प्रभूचं चरित्र अर्धवटही म्हणता येणार नाही, इतकंच. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या, ज्यांना न विचारता तो ख्रिस्ती झाला होता त्या लक्ष्मीबाईंनी. त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ मध्ये त्याही गेल्या आणि ग्रंथ १९३८ मध्ये छापून आला. आजच्या स्तोत्राचं चौथं वचन, एका पिढीने दुसरीला सांगण्याचं, आता पुन्हा वाचा.

उद्याचं वाचन : स्तोत्रसंहिता १४६. या रविवारी मंडळीत टिळकांचं गीत आलं तर एक कडवं पाठ करा आणि सोमवारी सकाळी म्हणून बघा. कोणतं केलंत ते मला कळवा.