हिशेब मागणारा राजा : सयाजीराव गायकवाड

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे नाव आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. सक्तीचे शिक्षण, वाचनालये, कलाभवन, डॉ. आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती या गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. त्यामुळे त्यांच्या चरित्राकडे पाहताना माझे लक्ष साहजिकच वेगळ्या गोष्टीकडे गेले. राज्यात माणसे किती, जमीन किती, शाळेच्या वयाची मुले किती, तिजोरीत आले किती व गेले किती, हे नेमके समजल्याशिवाय राज्य चालवता येत नाही अशी या राजाची खात्री होती. त्यांच्या आयुष्याची ही बाजू फारशी कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

सयाजीरावांचा जन्म मार्च १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे या लहानशा गावी झाला. मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतले, पण घरची राहणी साध्या शेतकऱ्याची. १८७५ साली बडोद्याचे महाराज मल्हारराव यांना गैरकारभाराच्या आरोपावरून इंग्रज सरकारने पदच्युत केले. तेव्हा पूर्वीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. कवळाण्याच्या शिवारातला मुलगा एकाएकी आठ हजारांहून अधिक चौरस मैलांच्या राज्याचा धनी झाला आणि त्याच्या शिक्षणाचा श्रीगणेशाही तेथेच झाला. एलियट नावाचे इंग्रज अधिकारी त्यांचे शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास त्यांना एकदमच करावा लागला.

हे राज्य होते तरी कसे? नकाशावर पाहिले तर ते एकसंध नव्हतेच. बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली हे त्याचे चार प्रांत गुजरात-काठेवाडात विखुरलेले होते. मधूनमधून इंग्रजी मुलूख, मधूनमधून दुसऱ्यांची संस्थाने. अनेक महालांचा वसूल इजाऱ्याने दिलेला असे. इजारदार ठरलेली रक्कम सरकारात भरी आणि रयतेकडून काय वसूल करी ते त्याचे त्याला ठाऊक. म्हणजे सरकारच्या दप्तरात इजाऱ्याची रक्कम असे. शेतकऱ्याने प्रत्यक्षात किती भरले याची नोंद नसे. सरकारी पैशाचा व्यवहारही बराचसा सावकारांच्या पेढ्यांमार्फत चाले. अशा राज्याचा ताळेबंद मांडायला बसले तर कोणत्याही हिशेबनिसाची मती गुंग व्हावी.

हा गुंता सोडवण्याचे पहिले काम दिवाण सर टी. माधवराव यांनी केले. हे मूळचे कुंभकोणमचे, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्रावणकोर आणि इंदूर येथील दिवाणगिरी करून ते १८७५ साली बडोद्याला आले आणि १८८२ पर्यंत राहिले. त्यांनी इजाऱ्याची पद्धत मोडीत काढली, खात्यांची वाटणी केली आणि राज्याच्या कारभाराचा वार्षिक अहवाल छापण्याची प्रथा घातली. तरुण सयाजीरावांना त्यांनी राज्यकारभारावर व्याख्यानेही दिली. डिसेंबर १८८१ मध्ये महाराजांच्या हाती राज्याची पूर्ण सूत्रे आली, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा कमी!

महाराजांनी दिवाणांची परंपरा पुढे नेली आणि ती गावापर्यंत पोहोचवली. १८८३ पासून एलियट यांच्याच देखरेखीखाली जमिनीची शास्त्रशुद्ध मोजणी आणि आकारणी सुरू झाली. गावात पटेल आणि तलाटी (आपल्याकडचे पाटील आणि तलाठी), तालुक्याला वहिवाटदार, प्रांताला सुभा आणि वर हुजूर कचेरी, अशी उतरंड होती. हीच उतरंड माहिती वर नेण्याची वाटही झाली. महाराज स्वतः दौरे काढीत, दप्तरे तपासत आणि खात्यांकडून लेखी खुलासे मागवीत. प्रकृतीच्या कारणाने ते पुष्कळदा युरोपात राहत आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. पण इतक्या दूरून राज्यावर नजर ठेवायची तर कागदावरची माहिती खरी आणि वेळेवर हवी. त्यामुळे लेखी कारभाराचा त्यांचा आग्रह आणखीच वाढला असावा, असे मला वाटते.

या आग्रहाची खरी परीक्षा झाली ती छप्पनच्या दुष्काळात. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. पाऊस दडी मारून बसला आणि गुजरातेत हाहाकार उडाला. महाराज दुष्काळी तालुक्यांतून फिरले. त्या दौऱ्याच्या त्यांच्या टिपणांचे पुस्तक १९०१ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी शिरगणती होती. १८९१ साली बडोदे राज्याची लोकसंख्या २४ लाख १५ हजारांच्या वर होती. १९०१ साली ती १९ लाख ५३ हजारांच्या आत भरली. दहा वर्षांत ४ लाख ६२ हजारांहून अधिक माणसे कमी! शेकडा १९ हून जास्त. यात उपासमारीने व रोगराईने मेलेले होते, तसेच गाव सोडून गेलेलेही होते.

आता विचार करा. प्रगतिशील म्हणून नावाजलेल्या राजाला हा आकडा भूषणावह होता काय? तरीही शिरगणतीचा अहवाल राज्याच्याच अधिकाऱ्याने, जमशेदजी दलाल यांनी, लिहिला आणि तो छापला गेला. पुढच्या शिरगणत्यांचे काम १९११ मध्ये गोविंदभाई देसाई यांनी आणि नंतर सत्यव्रत मुकर्जी यांनी केले. ते अहवाल शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट कळते. १९११ साली लोकसंख्या २० लाख ३३ हजारांच्या आसपास, १९२१ साली २१ लाख २७ हजारांच्या आसपास आणि १९३१ साली २४ लाख ४३ हजार. म्हणजे १८९१ चा आकडा पुन्हा गाठायला या राज्याला चाळीस वर्षे लागली. दुष्काळ संपला असे आपण एका वाक्यात म्हणतो, पण तो किती काळ पुरतो हे अशा ओळीने मांडलेल्या आकड्यांनीच समजते. मधली एखादी शिरगणती चुकली असती, तर ही कहाणी आपल्याला दिसलीच नसती.

आकडा गोळा करून त्याचे करायचे काय, याचे उत्तरही बडोद्यात मिळते. १८९३ साली महाराजांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सर्व राज्याला लागू केला. मुलांसाठी वय ७ ते १२, मुलींसाठी ७ ते १०. सक्ती हा शब्द कायद्यात लिहिणे सोपे आहे. पण कोणाच्या घरी कोणत्या वयाचे मूल आहे आणि ते शाळेत येते की नाही, याची गावोगाव यादी नसेल, तर सक्ती करणार कोणावर? येथे गावच्या नोंदीचा उपयोग झाला. नामदार गोखल्यांनी १९१० आणि १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न मांडला, तेव्हा त्यांनी बडोद्याचा दाखला दिला. गोखल्यांचे विधेयक नामंजूर झाले, पण हिंदुस्थानात हे शक्य नाही असे म्हणण्याची सोय त्या दाखल्याने उरली नाही.

आणखी एक काम सांगण्यासारखे आहे. प्रत्येक खात्याने एकाच गोष्टीला निरनिराळे नाव दिले तर आकड्यांची बेरीज होत नाही. १९३१ साली बडोदे सरकारने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषी कोश काढला. त्यात गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द शेजारी शेजारी दिले आहेत. आपल्यासारख्या दोन भाषांत वावरणाऱ्या विद्यार्थ्यांना या कामाचे मोल चटकन कळेल. कन्नड विभागातील मित्रांना येथे म्हैसूरची आठवण होईल. दिवाण विश्वेश्वरय्या यांनीही आकडेवारीवाचून विकासाची योजना होत नाही, हा आग्रह जन्मभर धरला.

मात्र हे सर्व लिहिताना एक प्रसंग टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली ते करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेही राज्याच्या महालेखापालांच्या कचेरीत, म्हणजे जेथे सर्व हिशेब येऊन मिळत तेथे. अस्पृश्यांसाठी या राज्यात १८८० नंतरच्या दशकातच शाळा निघाल्या होत्या आणि त्यांतील मुलांची नोंद सरकारी कागदांत होती. पण त्याच राजधानीत एवढ्या विद्वान तरुणाला राहायला खोली मिळाली नाही. पारशी वसतिगृहातूनही त्यांना हाकलण्यात आले आणि त्यांना बडोदे सोडावे लागले. राजाने मोजलेल्या माणसाला समाजाने माणूस म्हणून जमेस धरले नव्हते, आणि राजाचा हुकूमही तेथे पुरा पडला नाही. पुढे १९२५ साली आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. वरिष्ठ सरकार आणि प्रांत यांच्या जमाखर्चाचा जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास त्यात मांडला आहे. तो त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केला.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९४९ साली, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य गेले, पण त्या अहवालांच्या जोरावर आजही एखादा अभ्यासक त्या मुलखाच्या एकेका तालुक्याची स्थिती वर्षावर्षाने सांगू शकतो.

आपल्या काळाकडे पाहिले तर ही गोष्ट जुनी वाटत नाही. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. २००४ साली नगरपालिकांसाठी राष्ट्रीय लेखासंहिता आली आणि आपण वर्गात शिकतो ती द्विनोंदी पद्धत त्यांना सुचवण्यात आली. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याने स्थानिक संस्थांनाही आकडेवारी गोळा करण्याचा अधिकार दिला. साधने आपल्याजवळ सयाजीरावांपेक्षा शेकडो पटींनी अधिक आहेत. तरीही २०२१ साली व्हायची जनगणना लांबून २०२७ वर गेली. दुष्काळाने गांजलेल्या बडोद्यात १९०१ सालची गणना मात्र ठरल्या वर्षी झाली होती.

आपल्यापैकी कित्येक जण उद्या बँकेत, नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत किंवा लेखापरीक्षकाच्या हाताखाली काम करतील. समोर रकाने आखलेला कागद असेल किंवा संगणकाचा पडदा असेल. एखादा रकाना अंदाजाने भरून टाकण्याचा मोह होईल, कारण तो कोण तपासणार? त्या वेळी १८९१ ते १९३१ या पाच ओळी आठवाव्यात. गावोगावच्या गणना करणाऱ्यांनी त्या खऱ्या भरल्या, म्हणूनच त्या चार लाख बासष्ट हजार माणसांची दखल आज आपल्याला घेता येते.