विल्यम कॅरी

इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी नावाचे एक खेडे आहे. तेथे १७ ऑगस्ट १७६१ रोजी विल्यम कॅरीचा जन्म झाला. त्याचे वडील आरंभी विणकर होते; पुढे ते गावच्या शाळेत शिक्षक झाले. घरची स्थिती बेताचीच असल्यामुळे चौदाव्या वर्षाच्या सुमारास विल्यमला पिडिंग्टन येथे एका जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे काम शिकण्यास ठेवण्यात आले.

त्या दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा एक उमेदवार होता. तो मोठा श्रद्धाळू होता. हातातील काम चालू असताना दोघांत धर्माविषयी वाद होत. विल्यम बोलण्यात चतुर असल्याने शेवटचा शब्द बहुधा त्याचाच असे. पण वादात जिंकूनही त्याच्या मनाला स्वस्थता लाभत नसे.

अशातच नाताळचा सण आला. सणाची पोस्त म्हणून एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने विल्यमला एक शिलिंग दिला. तो खोटा निघाला! विल्यमला मोह आवरला नाही. मालकाच्या पैशांतील एक खरा शिलिंग त्याने स्वतःसाठी घेतला आणि खोटा शिलिंग मालकाच्याच पैशांतला आहे, असे सांगितले. लबाडी झाकली जावी म्हणून त्याने देवाची प्रार्थनाही केली. परंतु चौकशीत सारे उघडकीस आले. शरमेने त्याला लोकांत तोंड दाखवणे कठीण झाले. नुसत्या वादपटुत्वाने माणूस चांगला होत नाही, ही गोष्ट त्याच्या मनावर कायमची ठसली. पुढे जॉन वॉरच्या संगतीने तो प्रार्थनासभांना जाऊ लागला आणि ख्रिस्ताच्या उपदेशाप्रमाणे जगण्याचा त्याने निश्चय केला.

जोडे शिवता शिवता कॅरी लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा शिकले. आपल्या कामाच्या जागी भिंतीवर त्यांनी जगाचा एक मोठा नकाशा स्वतः तयार करून लावला होता. पुढे ते धर्मोपदेशक झाले आणि १७९३ मध्ये सहकुटुंब बंगालमध्ये आले. तेथे त्यांनी फार हालअपेष्टा सोसल्या. एक लहान मुलगा दगावला, पत्नीला मनोविकार जडला. तरीही नीळ करण्याच्या कारखान्यात नोकरी करून त्यांनी बंगाली व संस्कृत भाषांचा अभ्यास चालू ठेवला.

१८०० साली ते श्रीरामपूर येथे राहावयास गेले. जोशुआ मार्शमन हे शिक्षक व विल्यम वॉर्ड हे मुद्रक त्यांचे सहकारी होते. तिघांची कुटुंबे एकत्र राहत व एका पंगतीस जेवत. मिळवलेला पैसा समाईक निधीत टाकावा, असा त्यांचा नियम होता. १८०१ मध्ये कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात अध्यापक झाले. तेथे त्यांचा पगार पुढे दरमहा १,००० रुपयांपर्यंत गेला. पण आपल्या निर्वाहापुरते ठेवून बाकीचे सर्व ते त्या निधीत देत. सहकाऱ्यांना सांगावयाचे ते आधी स्वतः करावे, अशी त्यांची रीत होती.

महाराष्ट्रावर तर त्यांचे ऋणच आहे. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचा अभ्यास केला. १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. मृत्युंजय विद्यालंकारांसारखे थोर पंडित त्यांच्याबरोबर काम करीत. हे पंडित स्वतःच्या धर्मातच राहिले. तरी कॅरींचा त्यांच्याविषयीचा आदर कधी उणावला नाही.

११ मार्च १८१२ रोजी सायंकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कॅरी त्या वेळी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन ही दुःखद वार्ता घेऊन त्यांच्याकडे गेले. कागद, खिळे आणि अनेक वर्षे खपून लिहिलेली हस्तलिखिते, सारे जळून गेले होते. जळालेली जागा पाहून कॅरींचे डोळे भरून आले. पण त्यांनी कोणालाही दोष दिला नाही. आपल्याला नम्रता शिकविण्यासाठीच ईश्वराने हे घडविले, असे त्यांनी मानले. सुदैवाने छपाईची यंत्रे व खिळे पाडण्याचे साचे वाचले होते. वितळलेले शिसे गोळा करून वॉर्ड नवे खिळे पाडू लागले आणि कॅरी जळालेली पुस्तके पुन्हा लिहावयास बसले. वडीलधारा माणूसच खचला नाही, तर बाकीचे कसे खचतील? थोड्याच आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. अनेक भाषांचा एक मोठा कोश मात्र कायमचाच गेला. जळालेले तेलुगू व्याकरण कॅरींनी नव्याने सिद्ध करून १८१४ मध्ये प्रसिद्ध केले.

पुढे त्यांच्या व सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने १८१८ मध्ये श्रीरामपूर कॉलेज स्थापन झाले. सतीची दुष्ट चाल बंद व्हावी म्हणून ते अनेक वर्षे झटले. १८२९ मध्ये तिच्या बंदीचा हुकूम निघाला, तेव्हा त्याचे बंगाली भाषांतर करण्याचे काम त्यांच्याकडेच आले. एका दिवसाचा विलंबही एखाद्या स्त्रीच्या प्राणावर बेतेल, हे जाणून त्यांनी रविवारचा उपदेश दुसऱ्यावर सोपवला आणि दिवसभर बसून ते भाषांतर पुरे केले.

मोठेपणी एका मेजवानीत कोणीतरी त्यांच्या पूर्वीच्या धंद्याचा उपहासाने उल्लेख केला, असे सांगतात. तेव्हा आपण जोडे बनविणारेही नव्हतो, केवळ जुने जोडे दुरुस्त करणारे होतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले.

९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे त्यांचे देहावसान झाले. आपल्या थडग्यावर स्तुतीचा शब्द नसावा, अशी त्यांची इच्छा होती. एका शिलिंगासाठी खोटे बोललेला मुलगा पुढे हजारो रुपये मिळवूनही त्यांच्या मोहात पडला नाही. जॉन वॉरपासून त्याने जे घेतले, तेच आपल्या आचरणाने त्याने सहकाऱ्यांना दिले.