राजगडावरच्या सईबाई

मैत्रिणींनो, वेल्ह्याकडच्या गुंजवण्यातून राजगड चढताना चोर दरवाज्याच्या अलीकडे बोलणं आपोआप बंद पडतं. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालते. वर पद्मावती माचीवर देवळाजवळ सईबाई राणीसाहेबांची समाधी दाखवतात. तिथं टेकले की दर वेळी मनात येतं, ही बाई इथं नांदली कशी?

माहेर फलटणचं, निंबाळकरांची लेक. १६४० मध्ये पुण्यात शिवाजीराजांशी लग्न झालं. फलटण काय नि पुणं काय, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. राजगड १३७६ मीटर. इथं एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठापेक्षा सुमारे १५ टक्के कमी. शरीर मात्र हुशार. आधी श्वास आणि ठोके वाढवतं, मग मूत्रपिंडाकडून निरोप जातो आणि हाडांच्या मगजात तांबड्या पेशी जास्त तयार होतात. लडाखात हे ठळक दिसतं, आपल्या गडांवर थोडंसंच. पण त्या पेशींना लोह लागतं, आणि बाईच्या अंगातलं लोह पाळीत, बाळंतपणात जात राहतं. आमच्या तपासणी शिबिरात वाड्यावस्त्यांवरच्या बायका चढाला दम लागायचाच म्हणून दुखणं अंगावर काढतात. खरं तर उंचावरच्या बाईला रक्त जरा जास्तच हवं. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा वस्तीच्या उंचीप्रमाणे हिमोग्लोबिनची मर्यादा वाढवून धरते.

सईबाईंना तीन मुली झाल्या. मग १४ मे १६५७ ला पुरंदरावर संभाजीराजे. तो गडही जवळपास राजगडाएवढाच उंच. या बाळंतपणानंतर तब्येत ढासळली, बाळाला दूध पुरेना. तेव्हा आपल्या भोर तालुक्यातल्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे गडावर आल्या आणि त्यांनी बाळाला अंगावर पाजलं. या माउलीला पुस्तकात दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सईबाई काही सावरल्या नाहीत. अफझलखान चालून आलेला, राजे त्या धामधुमीत. ५ सप्टेंबर १६५९ ला राजगडावर त्या गेल्या. वय पंचविशीच्या आसपास. उंचीनंच जीव घेतला असं मी म्हणणार नाही. १६७० मध्ये याच गडावर सोयराबाईंना राजाराम महाराज झाले. पण खंगलेल्या बाळंतिणीला गडावरचा थंड वारा, पावसाळा आणि पायऱ्यांची चढउतार किती जड गेली असेल!

संभाजीराजे तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांचे. पुढं त्यांना आजीनं, जिजाऊंनी वाढवलं.