सर रोनाल्ड रॉस : डबक्यापाशी शिकलेला वैद्य

हिवताप डासांमुळे पसरतो ही गोष्ट आज प्राथमिक शाळेतील मूलही सांगू शकेल. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ती मोठमोठ्या वैद्यांनाही ठाऊक नव्हती. दलदलीतून रात्री जी दूषित हवा उठते, ती अंगाला बाधते आणि ताप येतो, अशी सर्वांची समजूत असे. ‘मलेरिया’ या मूळच्या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा असा आहे. घर उंचावर बांधावे, रात्री खिडक्या लावून घ्याव्यात आणि क्विनीन घ्यावे, येथवरच आरोग्याधिकाऱ्यांच्या ज्ञानाची धाव होती. हे सारे ज्ञान अवघ्या चार-पाच वर्षांत जुने झाले, आणि ते ज्यांच्यामुळे जुने झाले, त्यांत सर रोनाल्ड रॉस यांचे नाव अग्रभागी आहे.

पाठ्यपुस्तकांत रॉस आपल्याला भेटतात ते एका दिवसापुरते, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सूक्ष्मदर्शक यंत्रावर वाकलेले. त्या दिवसाच्या आधीची सोळा वर्षे आणि नंतरची पस्तीस वर्षे मला अधिक बोधप्रद वाटतात. कारण हा मनुष्य आपल्या व्यवसायात आरंभी अगदी सामान्य होता, आणि विशेष हे की, ते त्याचे त्यालाच उमगले.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयाच्या कुशीतील अलमोडा येथे झाला. मीरतेस शिपायांचा उठाव होऊन तेव्हा तीनच दिवस झाले होते. वडील हिंदुस्थानातील सैन्यात अधिकारी होते व पुढे सेनापतिपदापर्यंत चढले. आठव्या वर्षी मुलाची रवानगी विलायतेस झाली. मुलाला चित्रकला, संगीत, काव्य आणि गणित यांची गोडी, तर त्याने हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत शिरावे असा वडिलांचा आग्रह. वडिलांचे म्हणणे चालले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांनी वैद्यकीचा अभ्यास केला खरा, पण मन लावून केला असे म्हणवत नाही. १८७९ मध्ये शस्त्रवैद्याची परीक्षा उतरली, औषधविद्येची मात्र हुकली. मग काही काळ आगबोटीवर वैद्य म्हणून नोकरी करून त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, आणि १८८१ साली ते वैद्यकीय सेवेत दाखल होऊन मद्रास इलाख्यात आले.

पलटणीतील वैद्याला त्या दिवसांत काम बेताचेच असे. रॉस कविता लिहीत, कादंबऱ्या लिहीत, गणिते सोडवीत. १८८३ साली बंगळुरास असताना घडलेला एक प्रसंग मात्र पुढच्या साऱ्या चरित्राचे बीज म्हणावा असा आहे. राहत्या बंगल्यात डासांचा फार उपद्रव होता. शोध घेता खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात त्यांना वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. त्यांनी पिंप पालथे केले आणि खोलीतील डास पुष्कळ कमी झाले. पलटणीच्या भोजनगृहापाशीही अशीच भांडी भरलेली होती. तीही रिकामी करावीत असे त्यांनी तेथील अधिकाऱ्यास सुचविले. त्याने नकार दिला. निसर्गात डास आहेत ते काही हेतूनेच असतील, ते सोसावेत, असे त्याचे मत होते! आम्हां कोकणी बोलणाऱ्यांच्या घरी डासाला ‘जळार’ म्हणतात. त्या शब्दात पाण्याचा ध्वनी ऐकू यावा, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

सात वर्षांच्या नोकरीनंतर, १८८८ साली, रॉस रजेवर विलायतेस गेले. आपल्या भोवती माणसे तापाने आणि पटकीने मरत आहेत आणि आपण गोळ्या वाटण्यापलीकडे काही करीत नाही, ही टोचणी आता त्यांच्या मनाला लागली होती. जंतुशास्त्र तेव्हा नुकतेच उदयास येत होते. कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखविल्याला जेमतेम सहा वर्षे झाली होती. रॉस यांच्या विद्यार्थिदशेत हे शास्त्र शिकविले जात नव्हते. रजा म्हणजे विश्रांती असा सामान्य नोकरदाराचा हिशेब. रॉस यांनी मात्र त्या रजेत सार्वजनिक आरोग्याची पदविका मिळविली आणि प्राध्यापक क्लाइन यांच्याकडे जंतुशास्त्राचे पाठ घेतले. तीस वर्षे उलटलेला, हुद्द्यावर असलेला माणूस पुन्हा बाकावर जाऊन बसला. त्याच रजेत, १८८९ मध्ये, त्यांचा विवाह रोझा ब्लॉक्सम यांच्याशी झाला.

एवढ्याने सारे साधले असे नाही. फ्रेंच वैद्य लाव्हेरान यांनी १८८० साली अल्जीरियात रोग्याच्या रक्तात हिवतापाचा परोपजीवी पाहिला होता. हिंदुस्थानात परतल्यावर रॉस यांनी तो शोधून पाहिला, त्यांना तो सापडला नाही, आणि त्यांनी असा जंतूच नाही म्हणून लेख लिहिले. ताप आतड्यांतील बिघाडाने येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८९४ च्या दुसऱ्या रजेत लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना तो जंतू प्रत्यक्ष रक्तात दाखविला. छापून आलेले मत सोडणे मोठे कठीण असते. रॉस यांनी ते सोडले, आणि मॅन्सन यांचे शिष्यत्व पत्करून ते १८९५ च्या वसंतात सिकंदराबादेस पलटणीत रुजू झाले.

हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात वाढत असावा, हा मॅन्सन यांचा तर्क होता. तो अर्धा खरा होता. डास पाण्यावर मरून पडतो आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो, असे ते मानीत. गुरूच्या तर्कातील खरे कोणते आणि खोटे कोणते हे निवडण्यात शिष्याची दोन वर्षे गेली. शिवाय हिंदुस्थानातील डासांवर हाताशी धरावे असे एकही पुस्तक नव्हते. करड्या रंगाचे, पट्ट्यापट्ट्यांचे, ठिपकेदार पंखांचे, अशी नावे रॉस स्वतःच ठेवीत. दुर्दैवाने जे डास त्यांनी शेकड्यांनी चिरून पाहिले ते सारे भलत्याच जातीचे निघाले.

मध्येच सरकारने त्यांना पटकीच्या साथीनिमित्त बंगळुरास धाडले. संशोधनाच्या दृष्टीने हा काळ फुकट गेला असे रॉस यांना वाटे. मला तसे वाटत नाही. शहराची गटारे, विहिरी, केरकचरा आणि नगरव्यवस्थेची दप्तरे यांच्याशी त्यांची ओळख येथेच झाली, आणि पुढे तीच त्यांच्या कामी आली.

१८९७ च्या उन्हाळ्यात ते सिकंदराबादेस परतले. बेगमपेठच्या रुग्णालयातील लहानशा खोलीत उकाडा असह्य होता. पंखा हलविला तर चिरलेले डास उडून जात, म्हणून पंखा बंद. कपाळाच्या आणि हातांच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते, आणि डोळ्याशी धरावयाचे शेवटचे भिंगही तडकलेले होते. १६ ऑगस्टला ठिपकेदार पंखांचे काही डास हाती आले. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याने, दर डासामागे एक आणा घेऊन, ते आपल्या अंगावर चावू दिले. २० ऑगस्टला, मोजकेच डास उरले असताना, एकाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना काही गोल पेशी दिसल्या. त्यांच्या पोटात काळे कण होते, अगदी हिवतापाच्या जंतूत असतात तसे. दुसऱ्या दिवशी दुसरा डास चिरला, तेव्हा त्या पेशी वाढलेल्या आढळल्या. म्हणजे जंतू डासाच्या शरीरात जिवंत होता आणि वाढत होता.

आता काम वेगाने पुरे व्हावे, तर बदलीचा हुकूम आला, तोही राजपुतान्यातील खेरवाड्यास, जेथे हिवतापाचे रोगी मिळणे कठीण. मॅन्सन यांच्या खटपटीने १८९८ च्या आरंभी कलकत्त्यास विशेष कामगिरी मिळाली. तेथे प्लेगच्या लशीमुळे लोक सुईला भीत होते. रक्ताचा थेंब देण्यास कोणी धजेना. रॉस यांनी माणसांचा नाद सोडून पक्ष्यांच्या हिवतापाचा अभ्यास आरंभिला. महंमद बक्ष हा त्यांचा मदतनीस डास आणि चिमण्या जमविण्यात तरबेज होता. जुलै १८९८ मध्ये जंतू डासाच्या लाळेच्या ग्रंथीत पोचलेले आढळले, आणि डासांच्या दंशाने निरोगी चिमण्याही आजारी पडल्या. हिवताप पाण्यातून पोटात जात नाही, तो दंशातून रक्तात जातो. त्याच वर्षअखेरीस इटलीत ग्रास्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप ॲनॉफेलीस डासातून पसरतो हे सिद्ध केले. श्रेय कोणाचे यावरून रॉस आणि ग्रास्सी यांच्यात पुढे जो कडवट वाद माजला, तो दोघांच्याही मोठेपणास साजेसा नव्हता. १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले.

येथे चरित्र संपवावे असा अनेकांचा प्रघात आहे. परंतु डास चिरून जंतू दिसला म्हणून कोणा रोग्याचा ताप उतरत नाही. तो उतरावा यासाठी नगरपालिकेच्या आरोग्य निरीक्षकाने रोजचे काम निराळ्या रीतीने करावयास हवे होते. १८९९ मध्ये हिंदुस्थान सोडून लिव्हरपूलला अध्यापक झालेल्या रॉस यांनी हे ओळखले. पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाऊन येथे जाऊन त्यांनी रस्त्यांतील डबक्यांत ॲनॉफेलीसच्या अळ्या दाखविल्या, डासनिर्मूलक पथके उभारली आणि ती कशी चालवावी यावर १९०२ मध्ये एक पुस्तकही लिहिले. पूर्वी निरीक्षक दुर्गंधीचा माग काढी. आता त्याला अळी ओळखावी लागणार होती. पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर पडून राहते ती ॲनॉफेलीसची, डोके खाली करून तिरपी लोंबते ती क्युलेक्सची. एखादे डबके दुर्गंधीचे असूनही निरुपद्रवी असू शकते आणि नितळ पाण्याचा खळगा घातक असू शकतो! अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवड्याहून थोडा अधिक काळ लागतो, म्हणून दर आठवड्यास फेरी चुकता कामा नये. फुटके डबे उचलणे, खळगे बुजविणे, साठलेल्या पाण्यावर तेल सोडणे अशी ही कामे आहेत. त्यांत दिखाऊ काही नाही, आणि म्हणूनच ती लवकर थांबतात.

सुवेझ कालव्यावरील इस्माइलिया येथे ती थांबली नाहीत. १९०१ च्या सुमारास त्या छोट्या गावात वर्षाकाठी सुमारे दोन हजार लोक हिवतापाने पडत. १९०२ मध्ये कालव्याच्या कंपनीने रॉस यांना बोलाविले, त्यांच्या सल्ल्याने पथके नेमली, आणि १९०५ साली नव्या रोग्यांची संख्या चाळिशीच्याही आत आली.

याउलट लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीतील प्रयोग फसला. १९०२ पासून कित्येक वर्षे तेथे खळगे बुजविले, पाट साफ केले. तरी आसपासच्या कालव्यांच्या मुलखातून डास येतच राहिले. १९०९ च्या सिमला येथील परिषदेत हा विषय निघाला, तेव्हा डासांशी लढणे व्यर्थ आहे असा सूर लागला. क्षेत्र फारच लहान घेतले आणि खर्चात काटकसर केली, असे रॉस यांचे उत्तर होते. त्यांचे म्हणणे बरेचसे खरे होते, पण ते सांगण्याची त्यांची रीत अशी तिखट की, ऐकणारा ऐकण्याआधीच दुखावला जाई.

तरी या वादातून एक मोलाची गोष्ट निघाली. शेवटचा डास मारल्यावाचून रोग जाणार नाही, असे अनेक अधिकारी म्हणत आणि हातपाय गाळून बसत. बाळपणीचे गणित रॉस यांच्या मदतीस धावून आले. मॉरिशस बेटाची पाहणी करून १९०८ मध्ये आणि पुढे १९११ च्या ग्रंथात त्यांनी समीकरणांनी दाखवून दिले की, डासांची संख्या माणसांच्या मानाने एका ठराविक मर्यादेखाली गेली म्हणजे रोग आपोआप ओसरत जातो; डास निःशेष करण्याची गरज नाही. साथींच्या गणिती अभ्यासकांना आजही ही विचारसरणी पायाभूत वाटते.

रॉस यांचे नियम तंतोतंत पाळूनही काम बिघडू शकते, हे मलायात माल्कम वॉटसन यांना कळले. क्लांग येथे त्यांनी १९०१ पासून दलदल उपसून, झाडी तोडून हिवताप हटविला. किनाऱ्यावरील तो डास सावलीत वाढणारा होता. तोच उपाय डोंगराळ रबराच्या मळ्यांत केला, तेव्हा ताप वाढला. कारण तेथला डास उन्हातील स्वच्छ ओढ्यात वाढणारा, आणि झाडी तोडून त्याला ऊनच मिळवून दिले होते. वॉटसन यांनी पुन्हा अळ्या गोळा केल्या आणि ओढ्यांचे पाणी जमिनीखालच्या नळांतून वाहून नेले. आपल्या मुंबईत तर डासाने विहिरींत घर केले होते. १९११ साली डॉ. बेंटली यांनी आपल्या अहवालात तसे दाखविले, आणि विहिरी झाकण्या-बुजविण्यावरून शहरात मोठी कुरकुर झाली. ज्या विहिरीची पूजा करावयाची तिच्यावर झाकण घाला असे निरीक्षकाने सांगावे, हे त्या काळी सोपे नव्हते. आमच्या गोव्यात घरोघर विहीर, त्यामुळे ती अडचण मला सहज कळते.

१९११ मध्ये रॉस यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९२६ साली लंडनला त्यांच्या नावाची संस्था निघाली, आणि जानेवारी १९२७ मध्ये कलकत्त्यास त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेलगत उभारलेल्या स्मारकद्वाराच्या समारंभास ते स्वतः उपस्थित होते. बेगमपेठची ती वास्तू आता उस्मानिया विद्यापीठाकडे आहे. अखेरची वर्षे आजारपणात आणि पैशाच्या विवंचनेत गेली. १९२८ मध्ये त्यांनी आपले कागदपत्र विकले. १९३१ मध्ये पत्नी निवर्तली, आणि १६ सप्टेंबर १९३२ रोजी, आपल्याच नावाच्या त्या संस्थेत, रॉस यांनी देह ठेवला. तेथे हिवताप-नियंत्रणाचे काम ज्यांच्याकडे होते, ते मलायाहून आलेले माल्कम वॉटसन होत.