कै. अनंतराव भालेराव आणि त्यांचे ‘मराठवाडा’

निजामी अंमल ज्यांनी डोळ्यांनी पाहिला असे वडीलधारे आता आपल्या ज्ञातिकुटुंबांतून फारच थोडे उरले आहेत. त्या राज्यात सभा भरविण्यावर ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाचा पहारा असे आणि मराठी वृत्तपत्र काढणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते. म्हणूनच आनंद कृष्ण वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक संस्थानाबाहेर, पुण्यास काढले. त्यावर बंदी आली की ते नाव पालटून पुन्हा निघे.

याच पत्राची धुरा पुढे ज्यांनी वाहिली, ते अनंतराव १९१९ साली वैजापूर तालुक्यातील खंडाळा येथे जन्मले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली ते मुक्तिसंग्रामात पडले व त्यांनी कारावास भोगला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करल्यावर पत्र औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) आले आणि कालांतराने दैनिक झाले.

नांदेड मनमाड-काचीगुडा लोहमार्गावर, तर लातूरची चिंचोळी बार्शी लाईट रेल्वे भलत्याच दिशेला, कुर्डुवाडी-मिरजेकडे जाणारी. मुंबई-पुण्याच्या पत्रांत या दोन्ही गावांना कितीशी जागा मिळणार! १९५६ साली मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्र झाला; तरी रेल्वे, पाणी, नोकऱ्या ही गाऱ्हाणी उरलीच. अनंतरावांनी ती नित्य मांडली. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांसारख्या विचारवंताचे लेखनही त्या पत्राने वाचकांपुढे ठेवले. सागवानाच्या एका प्रकरणावरील लिखाणामुळे एका मंत्र्याने अब्रूनुकसानीची फिर्याद केली, तीत अनंतराव तुरुंगात गेले; आणीबाणीतही त्यांना बंदिवास घडला. संपादकाची खुर्ची आणि तुरुंगाची कोठडी यांत त्यांनी फारसे अंतर मानले नाही, असे आम्हांस वाटते.

मात्र चरित्र सांगावयाचे तर एक प्रकरण टाळून चालणार नाही. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. अनंतरावांचे पत्र या नामांतराच्या विरोधात उभे राहिले. प्रदेशाच्या अस्मितेचा हा प्रश्न आहे, अशी विरोधकांची भूमिका होती. परंतु त्याच दिवसांत नांदेड-परभणीच्या खेड्यांतून दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. जाळपोळ करणारे हात वेगळे, हे खरे. तथापि ज्या पत्राचा शब्द गावोगाव प्रमाण मानला जाई, त्याच्या शब्दाचे वजन अशा वेळी दुप्पट होते. दलित वाचक त्या पत्रापासून दुरावला, आणि त्याचा तो राग आम्हांस रास्त वाटतो. अनंतरावांच्या त्यागाविषयी आदर बाळगूनच आम्ही हे लिहीत आहोत.

‘पेटलेले दिवस’, ‘मांदियाळी’ आणि १९८७ चा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे त्यांचे ग्रंथ. यांतील शेवटचा तरी प्रत्येक घरी असावा. २६ ऑक्टोबर १९९१ रोजी ते निवर्तले. दैनिकही पुढे बंद पडले. १९९४ साली, १४ जानेवारीस औरंगाबादच्या विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव लागले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडास, लातूर जिल्ह्यासही सामावून घेणारे, स्वामीजींच्या नावाचे नवे विद्यापीठ उभे राहिले.