डेव्हिड गॅरिक : इंग्लंडचा नटसम्राट

लेस्टर स्क्वेअर स्टेशनातून बाहेर पडून चेरिंग क्रॉस रोडनं ट्रफाल्गर स्क्वेअरकडे निघालं की वाटेत गॅरिक थिएटर लागतं. तिथून जवळच, कॉव्हेंट गार्डनच्या बाजूला गॅरिक स्ट्रीट आहे आणि त्या रस्त्यावर १८३१ साली स्थापन झालेला गॅरिक क्लब. हा गॅरिक कोण? कोणी लॉर्ड नाही की सेनापती नाही. हा होता एक नट. ज्या काळात नाटकात काम करणं घरंदाज माणसाला शोभत नसे, त्या काळातला. आज मंडळाच्या हॉलमध्ये तालमीला दिग्दर्शक ओरडतो ना, ‘अरे, भाषण नको, बोल!’ त्या भांडणाची इंग्लंडमधली सुरुवात बघायची तर या माणसापाशी जावं लागतं.

डेव्हिडचा जन्म १७१७ साली हेरफर्डला झाला आणि तो वाढला लिचफिल्डमध्ये. घराणं मूळचं फ्रेंच, धर्मछळामुळे इंग्लंडात आलेलं. म्हणजे तसा हाही स्थलांतरितांचाच नातू! वडील सैन्यात अधिकारी, घरात पैसा बेताचा. लिचफिल्डजवळ सॅम्युअल जॉन्सननं (पुढे इंग्रजी शब्दकोशामुळे गाजलेले डॉ. जॉन्सन ते हेच) एक शाळा काढली होती. विद्यार्थी मोजकेच, त्यातला एक डेव्हिड. शाळा चालेना. मार्च १७३७ मध्ये गुरू आणि शिष्य दोघंही नशीब काढायला लंडनला निघाले. दोघांत घोडा एकच होता, आळीपाळीनं बसायचं, असं सांगतात.

घरच्यांच्या मनात डेव्हिडनं वकील व्हावं असं होतं. लिंकन्स इनमध्ये नावही घातलं. पुढे भाऊ पीटरबरोबर वाईनचा धंदा सुरू झाला. पण लंडनची नाटकं बघितल्यावर मन हिशेबाच्या वहीत रमेना. आई होती तोवर तो गप्प राहिला. १७४० मध्ये ती गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं इप्सविचला खोटं नाव लावून कामं केली. १९ ऑक्टोबर १७४१ ला लंडनच्या गुडमन्स फील्ड्स थिएटरात तो तिसरा रिचर्ड म्हणून उभा राहिला, तोही जाहिरातीत नाव न छापता. या थिएटराला नाटकाचा परवाना नव्हता, त्यामुळे तिकीट गाण्याच्या मैफलीचं लावायचं आणि नाटक मधल्या वेळात ‘फुकट’ दाखवायचं, अशी पळवाट होती!

दुसऱ्या दिवशी त्यानं भावाला पत्र लिहून सगळं कबूल केलं. पीटरला धक्का बसला, घराण्याची अब्रू जाईल ही भीती. आपल्याला हे नवीन नाही. मुलगा इंजिनिअर किंवा डॉक्टर होता होता नाटकात शिरला की मराठी घरातही असंच होतं. कान-नाक-घशाचे सर्जन असलेले डॉ. श्रीराम लागू १९६९ मध्ये व्यवसाय सोडून पूर्ण वेळ नट झाले, तेव्हाही हा प्रश्न लोकांना पडलाच असणार.

आता गॅरिकनं नेमकं वेगळं काय केलं? त्या वेळी लंडनच्या रंगभूमीवर जेम्स क्विन हा मोठा नट होता. अभिनय म्हणजे भारदस्त उभं राहायचं, ठरलेल्या तऱ्हेनं हात उंचवायचा आणि ओळी एका चालीत, घुमवत म्हणायच्या. आपलं वाक्य संपलं की दुसऱ्याचं संपेपर्यंत नुसतं थांबायचं. आपल्याकडच्या जुन्या पल्लेदार स्वगतांची आठवण करा, साधारण तोच प्रकार. चार्ल्स मॅक्लिन या नटानं फेब्रुवारी १७४१ मध्ये याला पहिला मोठा धक्का दिला. तोवर विनोदी मानला जाणारा शायलॉक त्यानं खराखुरा, भीती वाटेल असा उभा केला. गॅरिक त्याचा मित्र, त्याच्याकडून शिकलेला. त्यानं ही वाट पुढे नेली. वाक्य मनात तयार होताना दिसलं पाहिजे. दुसरा बोलत असताना चेहऱ्यावर ऐकणं दिसलं पाहिजे. राग, भीती, पश्चात्ताप एकातून दुसऱ्यात सरकताना प्रेक्षकाला कळलं पाहिजे. विरोधक त्याच्या विरामांवर टीका करायचे, भलत्याच जागी थांबतो म्हणायचे. पण लोक मात्र वेस्ट एंड सोडून त्या आडबाजूच्या थिएटराकडे लोटले.

हे सगळं नुसत्या प्रतिभेतून आलं का? तर नाही. वेडा झालेला लिअर कसा करायचा, याची एक कथा प्रसिद्ध आहे. गॅरिकच्या ओळखीच्या एका गृहस्थाच्या हातून खिडकीशी खेळवताना आपली लहान मुलगी निसटली आणि गेली. त्या माणसाचं डोकं फिरलं. तो रोज खिडकीशी जाई, नसलेल्या मुलीला खेळवी आणि पुन्हा आक्रोश करी. गॅरिक त्याच्याकडे वारंवार जात असे आणि तिथं जे पाहिलं ते त्यानं लिअरमध्ये आणलं. ऐकताना अंगावर काटा येतो आणि थोडं अस्वस्थही वाटतं. दुसऱ्याचं दुःख असं ‘बघून’ घ्यावं का? नटाच्या कामातला हा अवघड भाग आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मागेही हाच लिअर उभा आहे, म्हणून ही गोष्ट आपल्याला जास्तच जवळची.

हॅम्लेटमधला भुताचा प्रवेश तर युरोपभर गाजला. लिख्टेनबर्ग नावाच्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं १७७५ च्या सुमारास तो पाहिला आणि प्रयोगाची नोंद करावी तसा लिहून ठेवला. गॅरिक प्रेक्षकांकडे पाठ करून चाललाय, मित्र भुताकडे बोट दाखवतो, तो गर्रकन वळतो, दोन-तीन पावलं मागे कोलमडतो, टोपी पडते, हात पसरलेले, तोंड उघडं, आणि तसाच खिळून राहतो. तोंडातून शब्द फुटायच्या आधीच प्रेक्षागृह घाबरलेलं असे. या प्रवेशासाठी त्यानं केस ताठ उभे राहतील असा यांत्रिक टोप बनवून घेतला होता, असंही सांगतात.

इथे आपल्या भरतमुनींची आठवण येते. नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. खिळून राहणं हा स्तंभ, केस उभे राहणं हा रोमांच. दोन्ही सात्त्विक भाव, म्हणजे मनाची एकाग्रता असल्याशिवाय न येणारे. गॅरिकच्या टोपाची गोष्ट खरी असेल, तर त्यानं सात्त्विकाचं काम चक्क आहार्याकडून करून घेतलं! मग त्याची भीती खरी होती की खोटी?

नेमका हाच प्रश्न फ्रेंच विचारवंत दिदरोला पडला. १७६३ ते १७६५ गॅरिक युरोपात फिरत होता. पॅरिसच्या दिवाणखान्यात तो दाराच्या फटीतून फक्त डोकं बाहेर काढायचा आणि काही क्षणांत चेहरा आनंदापासून निराशेपर्यंत नेऊन परत आणायचा. दिदरोनं पुढे आपल्या नटावरच्या प्रसिद्ध संवादात (तो छापला गेला १८३० मध्ये) हेच उदाहरण घेतलं. इतक्या भावना इतक्या क्षणात कोणी खरोखर अनुभवू शकत नाही, म्हणून थोर नट आतून शांत असतो, असं त्याचं म्हणणं. स्टॅनिस्लाव्हस्कीपासून आजपर्यंत यावर वाद चालूच आहे. मला वाटतं, गॅरिककडे बघितलं तर दोन्ही बाजू एकाच माणसात सापडतात. साठवण करताना तो पुरता गुंतलेला असे आणि रात्रीच्या प्रयोगात पुरता सावध.

१७४७ मध्ये तो ड्रुरी लेन थिएटराचा भागीदार-व्यवस्थापक झाला आणि २९ वर्षं ते चालवलं. नट पाठांतर करून तालमीला आलेच पाहिजेत ही शिस्त लावली. श्रीमंत शौकीन चक्क रंगमंचावर बसत, त्यांना त्यानं खाली उतरवलं. रंगमंचावर लटकणारी झुंबरं काढून दिवे विंगेत लपवले, त्यामुळे नटाला उजेडासाठी पुढे येऊन उभं राहायची गरज कमी झाली. चेहऱ्याचा अभिनय दिसायला हवा, तर दिवे आणि शिस्त दोन्ही हवीत, हे त्याला कळलं होतं.

पण माणूस सोन्याचा पुतळा नव्हता. १७४३ मध्ये पगार थकवणाऱ्या मालकाविरुद्ध नटांनी संप केला, वेगवेगळा समझोता करायचा नाही असं ठरलं. मालकानं बाकीच्यांना घेतलं, पण मॅक्लिनला नाही म्हटलं. गॅरिक कामावर परतला. ज्याच्याकडून शिकला तो बाहेरच राहिला आणि हे त्यानं कधी विसरू दिलं नाही. १७६९ मध्ये स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचा मोठा उत्सव भरवला, तो पावसात वाहून गेला. शिवाय त्यात शेक्सपिअरचं एकही नाटक झालं नाही! शेक्सपिअरला देव मानणाऱ्या याच माणसानं १७७२ मध्ये हॅम्लेटमधले थडगं खणणारे कापून टाकले होते.

१० जून १७७६ ला त्यानं शेवटची भूमिका केली आणि २० जानेवारी १७७९ ला तो गेला. ज्या धंद्यानं घराण्याची अब्रू जाणार होती, त्या धंद्यातल्या या माणसाला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पुरण्यात आलं. पाच वर्षांनी गुरू जॉन्सनही शेजारीच आले. एका घोड्यावरून निघालेले दोघं!

शंभरेक वर्षांनी हॅम्लेट मराठीत आला. आगरकरांनी ‘विकारविलसित’ लिहिलं (१८८३) आणि गणपतराव जोशींनी त्यातला चंद्रसेन गाजवला. गॅरिकचा आवाज आपण ऐकू शकत नाही, गणपतरावांचा प्रयोगही बघू शकत नाही. नटाचं काम त्याच्याबरोबरच जातं. उरतं ते एवढंच, की पुढचा नट समोरच्याचं ऐकायला शिकतो.

भारतातून आई-बाबा आले की आपण त्यांना अ‍ॅबी दाखवतोच. या वेळी कवींच्या कोपऱ्यात गॅरिकचं शिल्पही दाखवा. दोन्ही हातांनी पडदा बाजूला सारून तो बाहेर येतोय. तिसरी घंटा नुकतीच झाली असावी.